पिल्लांची हगवण: काढ्याआधी चीक

प्रश्न (निफाड आणि सिन्नरकडून, जवळपास सारखेच): डुकरी व्याल्यावर तिसऱ्या दिवसापासून पिल्लांना पाण्यासारखी हगवण लागते, दूध ओकतात. दुकानदार म्हणतो डुकरांचा कोरोना आहे, हळद-ज्येष्ठमधाचा अर्क जन्मल्या जन्मल्या पाजा. पाजावा का?

उत्तर: नाही. जन्मल्या जन्मल्या तर मुळीच नाही.

डुकरांत कोरोना विषाणूंची हगवण असते, पीईडी आणि टीजीई ही त्यांची नावं. माणसांच्या कोविडशी त्यांचा संबंध नाही. विषाणू आतड्याचं अस्तर झिजवतो, दूध पचत नाही आणि आठवड्याच्या आतलं पिल्लू अंगातलं पाणी जाऊन मरतं. पण अशीच हगवण ई. कोलाय या जिवाणूने आणि रोटाव्हायरस या दुसऱ्या विषाणूनेही लागते. दुकानाच्या काउंटरवरून ती ओळखता येत नाही, विष्ठेचा नमुना तपासावा लागतो.

ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन आणि आपल्या कांद्यातलं क्वेर्सेटिन पीईडीच्या विषाणूला दाबतं, हे खरं, पण प्रयोगशाळेत, काचेतल्या पेशींवर. दीड किलोच्या पिल्लाला किती आणि कधी द्यायचं, हे त्यावरून ठरत नाही. मी पाहिलेल्या बाटल्यांवर घटकांचं प्रमाणसुद्धा नव्हतं. त्यात आपली द्राक्षबागेची सवय: दोन मिली सांगितलं की चार. ज्येष्ठमध जास्त झालं तर अंगातलं पोटॅशियम उतरतं, आणि हगवणीत ते आधीच गेलेलं असतं.

दिंडोरीकडच्या एका गोठ्यात पिल्लू उताणं धरून वीस मिलीच्या सिरिंजने काढा ढकलताना मी पाहिलंय. नाकातून पिवळा फेस आला. काढा फुफ्फुसात उतरला होता. ते पिल्लू हगवणीनं गेलं नाही.

आता खरं काम. डुकरीच्या प्रतिकारशक्तीचा अंश पिल्लाला गर्भात मिळत नाही, तो चिकातूनच, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दुधातूनच मिळतो, आणि पिल्लाचं आतडं तो साधारण चोवीस तासच घेतं. पहिल्या सहा तासांत प्रत्येक पिल्लू सडाला लागलंच पाहिजे. अशक्त पिल्लाला हाताने लावा. त्या वेळी काढ्याने पोट भरलं की चीक प्यायचा राहतो. दुकानदार नेमकं तेव्हाच पाजायला सांगतो!

निफाडच्या डिसेंबरात पिल्लांच्या जागी ३२ ते ३५ अंश ऊब हवी. बल्ब लावा, खाली कोरडा पेंढा टाका. हगवण लागलेल्यांना ओआरएस उथळ ताटलीत ठेवा, दूध तोडू नका. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय टोचू नका. बाहेरचा संसर्ग आत येऊ नये म्हणून व्यापाऱ्याचा टेम्पो फाटकाबाहेरच थांबवा, व्यायच्या खोलीची चप्पल वेगळी ठेवा.

 

मोठ्या डुकरांनाही ताप येऊन कातडी लालसर-जांभळी पडत असेल, पटापट मरत असतील, तर ही हगवण नव्हे, स्वाइन फिव्हरचा संशय धरा. एकही जनावर विकू नका, १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा.