रेवाचिनीचे मूळ आणि रुबार्बचे देठ

प्रश्न : आमच्या आजोबांच्या औषधांच्या पेटीत रेवाचिनीचे पिवळसर तुकडे असत. इंग्लंडमध्ये राहणारी पुतणी सांगते की तिकडे रुबार्ब नावाच्या भाजीच्या आंबट देठांचा मुरांबा करतात आणि ती हीच वनस्पती आहे. हे खरे आहे काय? शास्त्रीय ग्रंथांत तिचे वर्णन लॅटिन भाषेत का असते? आणि ती आमच्या शेतात येईल काय?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या पुतणीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. दोन्ही वनस्पती ‘रीउम’ या एकाच प्रजातीतल्या, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातल्या आहेत, पण त्यांच्या जाती वेगळ्या. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी रेवाचिनी बहुधा हिमालयात, ३,००० मीटर व त्याहून अधिक उंचीवर वाढणाऱ्या ‘रीउम ऑस्ट्राले’चे मूळ असते, वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड डॉन यांनी १८२५ मध्ये तिला हे नाव दिले. चीनमधील नामांकित औषधी मूळ ‘रीउम पाल्माटुम’ आणि ‘रीउम ऑफिसिनाले’ या जातींचे, तर इंग्लंडच्या परसबागेतला रुबार्ब संकरातून आलेला मानला जातो.

हा घोटाळा फार जुना आहे, आणि त्याचे कारण असे की युरोपात शतकानुशतके या वनस्पतीचे केवळ वाळलेले मूळ येत होते, वनस्पती येत नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने बॉस्फरस या तुर्कस्तानातील सामुद्रधुनीपलीकडून येणाऱ्या मुळाचे वर्णन केले आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने चीनच्या वायव्येकडील डोंगरांत ते विपुल मिळत असल्याचे नोंदवले. परंतु कापून, सोलून, वाळवून आलेल्या तुकड्यावरून पान कसे, फूल कसे, हे कोण सांगणार?

तेथे लॅटिन वर्णनाचे मोल कळते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस यांनी १७५३ च्या ग्रंथात ‘रापोंटिकुम’ आणि ‘राबार्बारुम’ या जाती वेगळ्या केल्या त्या पानांवरून : पहिलीला ‘फोलिईस ग्लाब्रिस’, म्हणजे पाने गुळगुळीत, आणि दुसरीला ‘फोलिईस सुबविल्लोसिस’, म्हणजे पाने किंचित लवदार. १७५९ मध्ये ‘पाल्माटुम’साठी त्यांनी ‘फोलिईस पाल्मातिस आकुमिनातिस’ एवढेच लिहिले. पाने पंज्यासारखी विभागलेली आणि टोकदार. इतक्या मोजक्या शब्दांत जाती ओळखता याव्यात, ही मला या शास्त्रातील अत्यंत सुंदर गोष्ट वाटते. सर्व देशांच्या अभ्यासकांना लॅटिन समान असल्याने पुढे तो नियमच झाला : १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये असल्याशिवाय तिचे नाव ग्राह्य धरले जात नसे, २०१२ पासून इंग्रजी वर्णनही चालते.

या कुळाची लक्षणे आपल्याला घरच्या घरी पाहता येतील, कारण डाळभाजीत घालतो तो आंबट चुका रुबार्बच्याच कुळातला आहे. चुक्याचे एखादे रोप न खुडता फुलावर येऊ द्यावे. पानाचा देठ जेथे खोडाला जुळतो तेथे खोडाभोवती पातळ पापुद्र्याचे वेष्टन दिसेल. ते या कुळाची खूण आहे. चुक्याच्या फुलात सहा पुंकेसर असतात, रुबार्बच्या फुलात सहसा नऊ, आणि म्हणूनच लिनिअस यांनी रुबार्बला नऊ पुंकेसरांच्या वर्गात ठेवले. रुबार्बच्या फळाला तीन पंख असतात. अंबाडीही आंबट असली तरी ती कापूस आणि भेंडीच्या कुळातली आहे. केवळ चवीवरून नाते ठरवता येत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

लागवडीविषयी मात्र निराशा करावी लागते. रुबार्बला जमिनीवरचा भाग वाळून मूळ विसावेल असा दीर्घ, कडक हिवाळा लागतो आणि आपल्याकडचा ४५ अंशांचा उन्हाळा त्याला सोसणारा नाही. कोणी हौसेने कुंडीत वाढवलेच, तर देठ तेवढे वापरावेत. पानांत ऑक्झॅलिक आम्ल फार असल्याने ती विषारी असतात, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये ती भाजी म्हणून खाल्ल्याने विषबाधा झाल्या होत्या. आजोबांच्या पेटीतील तुकडे रेचक आहेत. ते जुने झालेले असणार, म्हणून वैद्यांना दाखवल्याखेरीज पोटात घेऊ नयेत.