चाळिशीत दृष्टी गेली, हिशेबाचं काम थांबलं. पुन्हा कमाई कशी सुरू करू?

नवा धंदा शोधायची घाई करू नका. इतक्या वर्षांचा हिशेबाचा अनुभव डोक्यात आहे, तो कुठेही गेलेला नाही.

पण सुरुवात पांढऱ्या काठीपासून करा. उजवा पाय पुढे टाकताना काठीचं टोक डावीकडे टेकवायचं, म्हणजे डावं पाऊल जिथे पडणार तिथली जमीन आधीच कळते. हे प्रशिक्षकाकडूनच शिका. एकट्याने ये-जा जमली नाही म्हणून हातातलं काम सोडलेली माणसं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

मग संगणक. एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं. एक्सेलमध्ये बाणाची कळ दाबली की चौकटीतला आकडा कानात येतो, मागोमाग चौकटीचा पत्ता, 'बी ५'. सुरुवातीला तो आवाज डोक्यात जातो. वेग कमी ठेवा, सवय झाली की तुम्हीच वाढवाल. माउस मात्र बाजूलाच ठेवा, सगळं कीबोर्डवरून.

आणि राजीनामा दिला नसेल तर कृपया देऊ नका. आधी जुन्याच ठिकाणी हे सॉफ्टवेअर लावून एक ताळेबंद करून दाखवा.