लोन अ‍ॅपचं काम सोडू का? अ‍ॅडव्हान्स तं घेऊन बसलो

प्रश्न: ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, घरूनच अ‍ॅप बनवायची फ्रीलान्स कामं करून राहिलो. टेलिग्रामवर एक पार्टी भेटली, लोन अ‍ॅप पाहिजे म्हणे, ८० हजारात ठरलं, १५ हजार अ‍ॅडव्हान्स बाबाच्या खात्यात आला कारण माझं यूपीआय तेव्हा बंद होतं. आता म्हणतात अ‍ॅप टाकलं की लोन घेणाऱ्याचे सगळे कॉन्टॅक्ट अन गॅलरीतले फोटो सर्व्हरवर आले पाहिजेत, सर्व्हर माझ्या आधारवर घ्यायचा, अन अ‍ॅप प्ले स्टोअरवर नाही, एपीकेच्या (अ‍ॅपची थेट फाइल) लिंकनं वाटायचं. मी टाळाटाळ केली तं म्हणे अ‍ॅग्रीमेंटमध्ये दोन लाख पेनल्टी लिहिली हाय, सोडलं तं पोलीस घरी येतीन. बहिणीचं लग्न काढलं हाय, पैशाची लय गरज. काय करू?
एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, सोड. आजच सोड. क्लायंट पैसे लांबवून राहिला असं कोणी लिहिलं तं मी काम सोडा म्हणत नाही, टप्प्याटप्प्यानं पैसे घेत पुढे जा म्हणते. पण तुझ्या कामात धोका पैसे बुडायचा नाहीच, काम पूर्ण होऊन पैसे मिळाले तरच खरा धोका आहे.

कॉन्टॅक्ट अन फोटो कशाला पाहिजेत हे तुला मनातून माहीत आहे म्हणून तू लिहिलं. पाच हजार घेतलेल्या माणसाच्या सासऱ्याला, मामाला, सरपंचाला फोन लावायचे, बायकोचे फोटो एडिट करून सगळीकडे पाठवायचे, असं चालते ते. अशा वसुलीपायी देशात लोकांनी जीव दिलेत, अन तगाद्यानं घर कसं मोडते हे यवतमाळच्या पोराला मी सांगायला नको. रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या सप्टेंबरात अन परत २०२५ मध्ये साफ सांगितलं की लोन अ‍ॅपनं कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, फाइल-फोटो यांना हात लावायचा नाही, कॅमेरा-माइक-लोकेशन तेवढं केवायसीपुरतं एकदा, तेही ग्राहकाची परवानगी घेऊन. गुगल प्लेनं पण २०२३ पासून लोन अ‍ॅपला कॉन्टॅक्ट अन फोटो बंद केले, म्हणून तर तुझी पार्टी एपीकेची गोष्ट करून राहिली. अन सर्व्हर तुझ्या आधारवर, म्हणजे उद्या तक्रार झाली की पहिला पत्ता तुझाच निघेल, ते टेलिग्रामवरून नाव बदलून मोकळे.

पेनल्टीला भिऊ नको. करार मोडणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३ म्हणते की बेकायदा कामाचा करार मुळातच रद्द, अन कलम ७४ प्रमाणे साध्या करारातही कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देते, कागदावर लिहिलेला आकडा जसाच्या तसा नाही. वकिलाची नोटीस आलीच तर फेकू नको, दारव्ह्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे तिथे दाखव, नाहीतर मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या नंबरवर विचार.

मला खरी काळजी त्या १५ हजाराची आहे. बाबाच्या पासबुकात पाहा पैसे कोणाच्या नावानं आलेत. करार ज्याच्याशी त्याच्याच खात्यातून आले असतील तर त्याच खात्यात बँकेतून परत कर अन पावती ठेव. पण भलत्याच कोण्या माणसाच्या नावानं आले असतील तर ते दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचे असू शकतात, मग पार्टी म्हणेल "या नंबरवर परत टाक" तर चुकूनही टाकू नको, अशानंच खातं गुन्ह्याच्या साखळीत येते अन होल्ड लागतो. मग सीसीआयला (सरकारी कापूस खरेदी) घातलेल्या कापसाचे पैसे, पीएम किसानचा हप्ता, सगळं त्याच खात्यात अडकते, अन लग्नाच्या वेळी बाप बँकेच्या चकरा मारत बसतो. तेव्हा पैसे तसेच राहू दे, ब्रँचमध्ये लेखी कळव अन सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाक.

आतापर्यंतचा कोड देऊ नको. चॅट डिलीट करू नको, राग आला तरी, स्क्रीनशॉट काढून मेलवर ठेव. त्यांना एकच मेसेज कर की हे काम रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही म्हणून मी थांबतो, बस, पुढे वाद नाही अन फोन उचलायचा नाही.

अन बाबाला आज रात्रीच सांग, बहिणीच्या लग्नाचं टेन्शन आहे म्हणून लपवू नको. खातं त्यांच्या नावावर आहे, बँकेत अर्जावर सही त्यांचीच लागेल.