मैदानावरच्या हाका

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली, आता सहावीत आहे. शनिवार-रविवारी फुटबॉलच्या शिबिराला जाते. पायात खेळ आहे असं सगळेच म्हणतात, पण सर मैदानाबाहेरून ‘मॅन ऑन’, ‘होल्ड’, ‘फार पोस्ट’ असं ओरडले की ती गोंधळून जागीच उभी राहते आणि घरी येऊन रडते. तिला आधी इंग्रजीचा क्लास लावू का? ऑफसाइड तिच्या बाबांनी तीनदा समजावलं, तरी आम्हा दोघींना कळलं नाही. टीव्हीवर ‘क्लीन शीट’ आणि ‘पार्क द बस’ म्हणतात, ते काय असतं?
– एक आई, वाळपई

उत्तर : ताई, क्लास लावू नका. तिला लागणारे शब्द पंचवीस-तीस असतील आणि ते कुठल्याही क्लासात शिकवत नाहीत. ते अंगणात शिकता येतात, तेही तुमच्यासोबत.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यातला ‘होल्ड’ माझ्याही वाट्याला आला होता. मी डिचोलीकडची. कापणी झालेल्या शेतात, भाताची धसकटं तळपायाला टोचत असताना भावांबरोबर खेळून मोठी झाले. सतराव्या वर्षी म्हापशाला निवड चाचणीला गेले. बॉल माझ्या पायात आला आणि बाहेरून हाक आली, ‘होल्ड!’ मला वाटलं, थांबायला सांगताहेत. मी बॉलवरून पाय काढला आणि उभी राहिले. समोरच्या मुलीने बॉल नेला. मध्यंतरात मला बाहेर बसवलं. का, ते कोणी सांगितलं नाही. होल्ड म्हणजे बॉल अंगाआड धरून ठेव, साथीदार पोचेपर्यंत कोणाला घेऊ देऊ नकोस. हे मला कितीतरी दिवसांनी कळलं. पुढे एकोणतीस वर्षं शाळेत खेळ शिकवला. दर जूनला पहिल्या तासाला मी हाकाच शिकवायचे.

मुलीला तुमच्याकडे तोंड करून उभी करा. तुम्ही बॉल द्या आणि त्याच वेळी घरातल्या कोणीतरी मागून येऊन तिच्या पाठीला हात लावू दे. हात लागताना तुम्ही म्हणा, ‘मॅन ऑन’. म्हणजे पाठीवर कोणीतरी आलंय, वळू नकोस, बॉल आल्या पावली परत दे. मुलींच्या सामन्यातही हाक हीच असते. मग मागचं माणूस बाजूला करा आणि म्हणा, ‘टर्न’. आता मागे मोकळं आहे, वळ. ‘टाइम’ म्हणजे वेळ आहे, घाई नको. ‘स्क्वेअर’ म्हणजे बॉल आडवा दे. ‘वन-टू’ म्हणजे दे आणि पळ, तो पुढे परत मिळेल. दहा-दहा वेळा करा. शब्दाचा अर्थ पाठीला आणि पायाला कळला की डोक्याला विचारावं लागत नाही.

‘नियर पोस्ट’ आणि ‘फार पोस्ट’ला मात्र मुली हमखास फसतात, कारण त्या गोलचा एक खांब पाठ करून ठेवतात. बॉल ज्या बाजूने येतोय त्या बाजूचा खांब नियर, पलीकडचा फार. कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेली किक, उजवीकडून असेल तर एक खांब नियर, डावीकडून असेल तर दुसरा. दोन कुंड्या ठेवा आणि दोन्ही बाजूंनी बॉल टाकून बघा.

आता ऑफसाइड. बाबांनी बहुतेक जागा समजावली आणि क्षण सांगायचा राहिला. दोन खुर्च्या मांडा: एक गोलकीपर, दुसरी तिच्या पुढे उभी बचाव करणारी मुलगी. साथीदार बॉलला पाय लावते त्या क्षणी तुमची मुलगी समोरच्या संघाच्या अर्ध्या मैदानात, बॉलच्याही पुढे आणि दुसऱ्या खुर्चीच्याही पुढे असेल, तर ती ऑफसाइडच्या जागी आहे. तिथून ती खेळात उतरली की शिट्टी. बॉल तिच्याकडे पोचेपर्यंत ती कुठे पळत गेली याला महत्त्व नाही. खुर्चीच्या रेषेत असेल तर चालतं. ही सवलत 1990 पासूनची. थ्रो-इन (कडेच्या रेषेवरून हाताने फेकलेला बॉल), गोल किक (गोलजवळून मारलेली किक) आणि कॉर्नर थेट मिळाला तर ऑफसाइड नसतंच. 1925 पर्यंत गोलरेषा आणि खेळाडू यांच्यामध्ये समोरच्या संघाचे तिघे लागायचे. ते दोन केले आणि इंग्लंडमध्ये पुढच्याच हंगामात गोल खूप वाढले.

टीव्हीवरच्या शब्दांना घाई नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. क्लीन शीट म्हणजे सामनाभर एकही गोल न खाणं. त्याला मराठीत ‘कोरी पाटी’ म्हणू नये, आपल्याकडे कोरी पाटी नव्याने सुरुवात करणाऱ्याची. आपलं ‘गोल न खाता’ पुरेसं आहे. 1983-84ची संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, गोव्याने एकही गोल न खाता जिंकली आणि गोलमध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर होते. मुलीला हे नाव जरूर सांगा.

‘पार्क द बस’ म्हणजे सगळ्यांनी गोलसमोर दाटी करून बसायचं, जिंकायचं सोडून फक्त अडवायचं. 2004 मध्ये चेल्सी या इंग्लंडमधल्या क्लबचे पोर्तुगीज प्रशिक्षक जोझे मोरिन्यो टॉटनहॅम क्लबविरुद्धच्या गोलशून्य सामन्यानंतर म्हणाले होते की समोरच्या संघाने बस आणून गोलसमोर लावली. आमच्या पोर्तुगालात असं म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे आज इंग्रजी म्हणून ऐकतो तो शब्दप्रयोग पोर्तुगीजांकडून आलेला.

काही पालक विचारतात, हाका आपल्या भाषेत का नकोत? मी करून पाहिलंय. शाळेत आम्ही ‘फाटल्यान!’, म्हणजे ‘मागून!’, अशी कोकणी हाक देत होतो आणि मुलींना ती झटकन कळायची. पण त्याच मुली पुढे गोव्याबाहेर खेळायला गेल्या, तेव्हा शेजारी मणिपूरची मुलगी आणि मागे केरळची. तिथे अकरा जणींची मिळून एकच हाक लागते, आणि ती इंग्रजी आहे. म्हणून समजवायचं मराठी-कोकणीत, पण हाक आहे तीच शिकवायची.

येत्या शनिवारी तुम्ही स्वतः मैदानावर जा. सरांशी मराठीत किंवा कोकणीत बोला, संकोच करू नका. सराव सुरू होण्याआधी पाच मिनिटं या हाका चालून दाखवा, एवढंच मागा. तिच्यासारख्या गप्प उभ्या राहणाऱ्या आणखी दोघी-तिघी तिथे नक्की असतील. आणि मुलीला आजपासून एक सवय लावा: बॉल यायच्या आधी एकदा खांद्यावरून मागे बघायचं. मैदानावर गलका असतो, हाक कधी ऐकूच येत नाही. मागे कोण आहे हे तिने आधीच पाहिलेलं असलं, तर वळायचं की परत द्यायचं हे तिचं तिला कळेल.