आवाज बंद करून बघा

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठवीत आहे. गॅदरिंगला त्यांचा ग्रुप एका अल्बमच्या गाण्यावर नाचणार आहे. व्हिडिओत मुलगा बुलेटवरून मुलीच्या मागे फिरतो, ती नाही म्हणते तरी फिरतच राहतो आणि शेवटी ती हसते. मला खटकलं. मुलगी म्हणते, ‘आई, तुला सगळंच खटकतं.’ तिला काय सांगू? – एक वाचक, कराड

उत्तर : बरोबर तेच खटकलंय तुम्हाला. मी सात वर्षं अशा गाण्यांचं एडिटिंग केलं. एका गाण्यात मुलीचा फार गोड क्लोजअप होता. कॅमेरा चालू आहे हे विसरून ती ढोलकीवर स्वतःशीच मान डोलावत होती. निर्मात्याने तो काढायला लावला, तिथे कमरेचा शॉट टाकायला सांगितला. मी टाकला. ते अजून मनाला लागून आहे.

मुलीशी वाद नको. गाणं लावा, आवाज बंद करा आणि दोघी शेजारी बसून बघा. ठेका गेला की कॅमेरा कुठे कुठे फिरतो ते लगेच दिसतं. त्याचा चेहरा किती वेळा, तिचा किती? चेहऱ्याशिवाय नुसती पाठ, नुसती कंबर कोणाची? ती हात सोडवून निघते, तिथे व्हिडिओ थांबवा. ‘तुझ्या वर्गातला मुलगा असा मागे आला तर?’ एवढंच विचारा आणि तिला बोलू द्या.

मग गायिका अलिशा चिनॉयचा १९९५चा ‘मेड इन इंडिया’ हा व्हिडिओ दाखवा. तिथे जोडीदाराची निवड तिची आहे आणि पेटीतून बाहेर येतो तो मिलिंद सोमण. तिला मजा वाटेल. पण फक्त बघणारा आणि दिसणारा यांची अदलाबदल केली की झालं, असं मला वाटत नाही. म्हणून गायिका शुभा मुद्गलांचा ‘मन के मंजीरे’ हा व्हिडिओही दाखवाच. छळाचा संसार सोडून गाडी चालवायला लागलेल्या एका खऱ्या बाईवरून तो सुचला. अभिनेत्री मीता वशिष्ठ त्यात ट्रकच्या स्टिअरिंगवर आहे. तिचा चेहरा बघा, त्यावरचा मोकळेपणा बघा. माझ्या त्या क्लोजअपमध्ये हेच होतं.

नाच मात्र बंद करू नका, मुलींनी मेहनत घेतली असणार. बसवणाऱ्या बाईंना भेटून एकच स्टेप बदलायला सांगा. मुलगी पाठ फिरवते तिथे मुलाने मागे जायचं नाही, चार मात्रा जागेवर थांबायचं, आणि तेवढ्यात सगळ्या मुलींनी पुढे येऊन नाचायचं. कसं बसलं ते मला नक्की कळवा.