‘बडबडतो’ हा शब्द तुमचाच आहे

ताई,

तुमचे तीन पानी पत्र वाचले. पुण्यातील नोकरी सोडून यजमान यावल तालुक्यातील वडिलोपार्जित केळीचा मळा पाहू लागले, आठ वर्षांच्या मुलाच्या शहरी बोलण्याला वर्गातील लेवा बोली बोलणारी मुले हसली आणि त्या दिवसापासून त्याने शाळेत तोंड मिटले, त्याला आता दीड वर्ष झाले. मळ्यावरील पावरा या आदिवासी समाजातील सालदाराच्या, म्हणजे सालाच्या ठरावाने राबणाऱ्या गड्याच्या, मुलाशी मात्र त्याची गट्टी जमली आहे. ती तुटावी म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारच बदलायचे यजमानांनी ठरवले असून, हे मुलाला कसे समजवावे, असे तुम्ही विचारता.

तिसऱ्या पानाच्या तळाशी तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे, ‘संध्याकाळी दोघे पाटाच्या कडेला बसून केळफुलाच्या पाकळ्यांच्या होड्या सोडतात आणि हा त्याच्याशी पावरीत काहीबाही बडबडत असतो.’ ताई, बडबडतो! ज्याने बोलावे म्हणून तुम्ही जळगावच्या दोन डॉक्टरांचे उंबरे झिजवले, तो बडबडतो आहे आणि तुम्हाला खटकते आहे ती भाषा!

परकी भाषा शिकायची तर शंभर वेळा चुकावे लागते आणि चुकताना समोरचा हसणार नाही, याची खात्री असावी लागते. ती खात्री तुमच्या मुलाला वर्गात मिळाली नाही; सातपुड्यातील पावरी घेऊन आलेल्या, पुस्तकातील मराठी आणि मुलांची लेवा बोली या दोन्हींना बिचकणाऱ्या दुसऱ्या मुलाकडे मिळाली. तो शिव्या शिकेल, ही यजमानांची भीती तर मला समजतच नाही. त्या वर्गातही मिळतात.

सालदाराच्या कामाबद्दल तुमच्या पत्रात एका शब्दाचीही तक्रार नाही. आपल्या खानदेशात आखाजीला सालदाराचे साल संपते आणि नवा ठराव होतो. दोन मुलांचा खेळ मोडण्यासाठी त्या दिवशी एका कुटुंबाला मळ्यावरून उठवणे, याला मी अन्यायच म्हणते, आणि यजमानांना माझे हे वाक्य खुशाल वाचून दाखवा. मुलाला समजावण्याचे शब्द मी तुम्हाला देणार नाही. आखाजीची वाट न पाहता याच आठवड्यात यजमानांनी स्वतः सालदाराच्या झोपडीपर्यंत चालत जावे, पुढच्या सालासाठी राहता का, असे विचारावे आणि रक्कमही वाढवून सांगावी. राहायचे की नाही, हे मग तो ठरवील.

तुम्ही स्वतः आज संध्याकाळी पाटावर जा. मुलाशेजारी बसा आणि केळफुलाला पावरीत काय म्हणतात, ते त्याला विचारा. पहिल्या खेपेला तुम्हाला तो उच्चार जमणार नाही. दोघेही हसतील, हसू द्या.