नाकातली नळी आणि रोज बदलणारी सिस्टर

या वेळच्या टपालात नाकातून घातलेल्या नळीविषयीचे प्रश्न अधिक आहेत आणि सिस्टर टिकत नाहीत ही तक्रारही आहे. तेहतीस वर्षे वॉर्डात काढल्यावर मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत. का, ते उत्तरांच्या ओघात येईलच.

प्रश्न: सासूबाईंना (वय 74) पक्षाघातानंतर गिळता येत नाही, म्हणून नाकातून नळी घातली आहे. तीन दिवसांत त्यांनी ती दोनदा ओढून काढली. आता रात्री त्यांचा हात पलंगाला बांधतात. दुसरा मार्ग नाही का? (सातारा)

मार्ग आहेत, पण आधी त्या नळी का ओढतात ते शोधायला हवे. ‘आजी ऐकत नाहीत’ हे काही निदान नव्हे. मोठ्या माणसाला घालतात ती रायल्स ट्यूब साधारण 105 सेंटिमीटर लांब असते आणि तिचा साधारण निम्मा भाग आत असतो. घशात सतत काहीतरी अडकल्याची जाणीव, कोरडे पडलेले तोंड, नाकपुडीवर येणारा ताण, हे सारे ज्यांना बोलून सांगता येत नाही, त्यांच्याजवळ सांगण्याचे साधन एकच उरते, ते म्हणजे चालता हात.

आमच्या वॉर्डात एक निवृत्त शिक्षक होते. रोज पहाटे नळी बाहेर. तिसऱ्या रात्री मी खुर्ची घेऊन शेजारी बसले, तेव्हा कळले की चिकटपट्टीची टोके त्यांच्या मिशीवर आली होती आणि कुशीवर वळताना प्रत्येक वेळी मिशी ओढली जात होती. मिशीला वस्तरा लावू द्यायला ते तयार नव्हते, आणि का व्हावे? पट्टी वर नाकाच्या दांड्यावर आणि गालावर घेतली, उरलेली नळी कानामागून नेऊन सदऱ्याला पिन केली. त्यानंतर त्यांनी नळीला हात लावला नाही.

नळी पुन्हा घालावी लागली, तर आधी ती त्यांच्या हातात द्यायला सांगा, किती आत जाणार ते दाखवायला सांगा आणि ‘हात वर केला की मी थांबेन’ अशी खूण ठरवायला सांगा. वाचा गेली म्हणजे समज गेली असे नव्हे, आणि ठरल्याप्रमाणे सिस्टर खरोखर थांबली, तर पुढची नळी सोपी जाते. मऊ आणि बारीक नळी मिळेल का, हेही विचारा. तोंडाची स्वच्छता दिवसातून तीन-चार वेळा झाली, तर तगमग बरीच उतरते. हात बांधणे हा अगदी शेवटचा उपाय आहे. तो डॉक्टरांच्या लेखी सूचनेने, नातेवाइकांना सांगून, ठरावीक वेळाने हात मोकळा करून आणि त्वचा तपासूनच करायचा असतो. त्याआधी बोटे झाकणारे जाड हातमोजे वापरून पाहता येतात.

एक गोष्ट मात्र आग्रहाने तपासा. पुन्हा घातलेली नळी पोटातच आहे याची खात्री एक्स-रेने किंवा नळीतून ओढलेल्या द्रवाच्या आम्लतेवरून, म्हणजे पीएच 5.5 किंवा त्याहून कमी असल्यावरून, करतात. हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची पद्धत सर्रास चालते, पण ती भरवशाची नाही. नळी फुप्फुसात गेली असतानाही तसा आवाज येऊ शकतो. पक्षाघातानंतर अनेकांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते, म्हणून स्पीच थेरपिस्टकडून ते पुन्हा तपासून घ्या. चार ते सहा आठवड्यांनंतरही नळी लागणार असेल, तर पोटातून थेट नळी बसवण्याविषयी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न: घरी वडिलांना नळीतून जेवण देतो. नळी सारखी चोंदते. (नांदेड)

बहुधा नाचणीचे सत्त्व गार होऊन घट्ट होते, किंवा दूध आणि मोसंबीचा रस पाठोपाठ गेल्याने दूध नळीतच फाटते. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर 30 मिलिलिटर पाणी सोडा. गोळ्या एकेक करून बारीक पूड करून पाण्यातून द्या, जेवणात कालवू नका. आवरण असलेल्या किंवा हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मात्र कुटायच्या नसतात, त्यांच्याऐवजी काय द्यायचे ते डॉक्टरांना विचारा. डोके 30 ते 45 अंश वर हवे आणि जेवणानंतरही निदान अर्धा तास तसेच राहू द्या. सिरिंज उंच धरून जेवण आपोआप उतरू द्यावे, दट्ट्या दाबू नये. आणि नुसते वरणाचे पाणी देऊ नका. त्याने पोट भरते, माणूस भरत नाही.

प्रश्न: आई 86 वर्षांची आहे, स्मृतिभ्रंश खूप वाढला आहे. ती खात नाही. नळी नाही घातली तर आपण तिला उपाशी ठेवले असे होईल का? (ठाणे)

नाही. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढते, न्यूमोनिया टळतो किंवा शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) थांबतात, असे दिसून आलेले नाही, आणि अमेरिकेतील वृद्धचिकित्सकांची संघटना अशा रुग्णांना हाताने भरवण्याचीच शिफारस करते. ताठ बसवून, लहान चमच्याने, एक घास गिळला की मगच दुसरा, असे भरवायला तीस-चाळीस मिनिटे लागतात. तिने तोंड मिटले की थांबावे. याला उपाशी ठेवणे म्हणत नाहीत.

परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर अनेक वर्षे तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांची स्थिती वेगळी होती, पण त्यांना तिथल्या परिचारिकांनी 2010 मधल्या मलेरियाच्या आजारापर्यंत, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ, तोंडानेच भरवले. हे हातांनी केलेले काम होते आणि त्याला वेळ लागत होता. रात्रपाळीला एका सिस्टरकडे वीस रुग्ण असतील, तर तो वेळ कुठून येणार? नळी रुग्णाच्या गरजेसाठी घातली जाते तशी कधीकधी वॉर्डाच्या सोयीसाठीही घातली जाते. हे आम्ही मोठ्याने बोलत नाही.

प्रश्न: आमचे 60 खाटांचे रुग्णालय आहे. पगार वाढवला, तरी वर्षभरात निम्म्या सिस्टर सोडून जातात. (कोल्हापूर)

वाढवला म्हणजे किती, ते आधी पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार केंद्राने नेमलेल्या समितीने 2016 मध्ये शिफारस केली, की 50 ते 100 खाटांच्या खासगी रुग्णालयातील परिचारिकांचा पगार सरकारी पगारापेक्षा 25 टक्क्यांहून अधिक कमी नसावा. त्यानंतर माणसे मोजा. सर्वसाधारण रुग्णालयात 5 खाटांमागे 1 परिचारिका आणि त्यावर रजेसाठी 30 टक्के राखीव, असे भारतीय परिचर्या परिषदेचे मान सांगते. हे 30 टक्केच बहुतेक ठिकाणी गायब असतात, म्हणून एकीच्या घरी लग्न निघाले की दुसरीला डबल ड्युटी लागते, आणि ती दोन महिन्यांनी राजीनामा देते. सरकारी भरती निघाली किंवा आखातातून बोलावणे आले, तर जाणारी जाणारच, तिला अडवू नये. मात्र रुग्णाच्या देखत डॉक्टर ओरडले म्हणून, रात्री अकराला सुटल्यावर घरी जायला वाहन नव्हते म्हणून, किंवा पहिल्याच आठवड्यात अतिदक्षता विभागात एकटीला उभे केले म्हणून जी गेली, तिला तुम्ही घालवलेत.

मी काम केलेल्या एका रुग्णालयात सोमवारची ड्युटी रविवारी रात्री कळायची. लहान मुले असलेल्या सिस्टर एकेक करून गेल्या. पुढे महिन्याची यादी 20 तारखेलाच लावू लागलो, याला एक पैसाही लागला नाही. सोडून जाणारीला कारण विचारतातच. पाच वर्षे टिकलेलीलाही विचारा, तिचे उत्तर अधिक उपयोगी पडते.

प्रश्न: रोज नवी सिस्टर येते. प्रत्येकीला सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. (पुणे)

तुमची चीड रास्त आहे, पण ती त्या मुलीवर काढू नका. तिलाही पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये दोनच ओळी मिळालेल्या असतात. परिसेविकेला, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य सिस्टरला, विचारून पलंगाशी एक पुठ्ठा लावा. नळी नाकपुडीपाशी किती सेंटिमीटरच्या खुणेवर आहे, कोणत्या कानाने ऐकू येते, कोणत्या कुशीवर दुखते आणि थांबण्याची खूण कोणती, हे मोठ्या अक्षरांत लिहा. सगळ्यात वर हाक मारण्याचे नाव लिहा, म्हणजे ‘बेड नंबर सात’ म्हणणारी सिस्टरही ‘सुमनताई’ म्हणू लागते.